कारखाना दाराबाहेर

दारात बूट काढले की ते खिसे रिकामे करायचे. खडूचा तुकडा, पोलादी फूटपट्टी, एखादा नट, तेलाने काळी झालेली चिंधी, असं सगळं ओसरीवरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडायचे. मग उंबरठा ओलांडताना, ऐकायला घरात कुणी असो नसो, म्हणायचे, "कारखाना दाराबाहेर."

हे रोज संध्याकाळी, कारखान्याची बस मल्लेश्वरमच्या कोपऱ्यावर त्यांना सोडून गेली की. सकाळी निघताना तीच मांडणी उलट्या क्रमाने खिशात जायची. त्या कट्ट्याला हात लावायची घरात कुणाला मुभा नव्हती. भांडी घासायला येणारी तुळसाक्का केर काढताना तेवढी जागा सोडून द्यायची आणि म्हणायची, "अण्णांचा देव्हारा हाय तो. तुम्ही सरका स्वल्प, मी खालचं झाडते."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. शिवाय असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याचं नाव घालून वाचा.

बंगळूर शहराबाहेरच्या एका सरकारी यंत्रकारखान्यात ते डिझाइन इंजिनियर होते. मी त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो, म्हणजे इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेली चित्रं पारदर्शक कापडावर शाईने गिरवणारा. त्यांच्या भाड्याच्या घरामागची एक खोली मला त्यांनी राहायला दिली होती. मी बेळगावहून आलेला. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. आई फुटाणे बांधून द्यायची तेही पत्रकात. त्यामुळे मी जेमतेम पंचविशीचा असलो तरी जगात काय चुकतंय हे मला सगळं पाठ होतं. ते मला "काय पत्रकवाले?" म्हणून हाक मारायचे. मी त्यांना काका म्हणायचो.

"कारखाना दाराबाहेर" हे वाक्य त्यांनी इंग्लंडहून आणलं होतं. लढाई संपल्यानंतरच्या वर्षांत ते सरकारी शिष्यवृत्तीवर तिकडे यंत्रविद्या शिकायला गेले. उत्तरेकडचं धुरकट गाव, रेशनचं अन्न, आणि एका फोरमनच्या विधवेच्या घरात भाड्याने राहणारी तीन मराठी मुलं. एक हे, दुसरे वसंतराव, तिसरे प्रभाकरपंत. त्या बाईंनी संसारभर जेवताना नवऱ्याच्या तोंडून यंत्रंच ऐकली होती. आता पुरे, असं ठरवून त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना नियम घातला. जेवणाच्या टेबलावर कामाचा विषय निघता कामा नये. जो काढील त्याने सगळ्यांची भांडी धुवायची. तिकडच्या हिवाळ्यात, नळाच्या पाण्याने.

"सगळ्यात जास्त भांडी मीच धुतली," काका अभिमानाने सांगायचे. "मला राहवायचंच नाही. सूपमध्ये चमचा फिरताना दिसला की मी म्हणायचो, गिअर बघ. की झालाच दंड."

मी एकदा विचारलं, "मग तुम्हाला तो नियम एवढा का आवडतो?"

"अरे, वर्गात वसंता पहिला. मी कुठेतरी शेवटून मोजायचा. टेबलावर नंबरच नव्हता. म्हणून आमची मैत्री टिकली."

ती मैत्री टिकली होती हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दर जानेवारीत, एका रविवारी दुपारी, तिघे बंगळूरला जमायचे. प्रभाकरपंत पुण्याहून रेल्वेने यायचे. ते एका कॉलेजात शिकवायचे. वसंतराव दिल्लीहून विमानाने यायचे. ते मंत्रालयात होते आणि दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा जास्त मोठे होऊन यायचे. आधी रिक्षातून, मग टॅक्सीतून, मग सरकारी गाडीतून. बंगळूरला कुठलं ना कुठलं काम काढून ते यायचेच, हे मान्य केलं पाहिजे.

त्या दिवशी तुळसाक्काला सुट्टी असायची. काकू मसालेभात, भरली वांगी आणि श्रीखंड करायच्या. काका स्वतः स्वयंपाकघरात शिरून उकडलेल्या बटाट्यांचा एक फिका, गिळगिळीत लगदा करायचे. तो इंग्लंडच्या घरमालकीणबाईंचा पदार्थ. प्रत्येकाने त्याचा एक चमचा खायचाच आणि "उत्तम" म्हणायचं, असा रिवाज होता. मी भाडेकरू म्हणून पंगतीला असायचो. मलाही तो लगदा चुकला नाही.

जेवताना एकमेकांना कामाच्या विषयात पाडायचा डाव चालायचा. वसंतराव भाबडा चेहरा करून विचारायचे, "प्रभ्या, तू हल्ली बारीक झालास. काय, त्रास होतो का कशाचा?"

"अरे, त्रास म्हणजे, यंदाची पोरं इतकी—"

"दंड," दोघे एकदम. मग प्रभाकरपंत सदऱ्याच्या बाह्या सरसावून मागच्या दगडावर राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसायचे, आणि बाकीचे दोघे दारात उभे राहून चुका काढायचे. सुट्टी असूनही तुळसाक्का कुंपणाशी यायची. तिचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बंगळूरचं. तिच्या मते पुण्या-सांगलीकडची माणसं जरा कमी शहाणीच. "एवढं शिकून आले," ती म्हणायची, "आणि बघा की, हट्टानं भांडी घासतात." दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी भांडी पुन्हा घासायची.

पहिल्या वर्षी मला हे पाहून हसू आलं. दुसऱ्या वर्षीही आलं. नंतर मात्र ते काय बोलतात इकडे माझं लक्ष जायला लागलं, आणि हसू थांबलं.

केस किती उरले. कवळी बसवली का. वसंताच्या मुलीचे टॉन्सिल काढले, आता ती गाते. प्रभ्याच्या सासऱ्यांना अर्धांग झालं. दिल्लीची थंडी आणि तिकडची थंडी यांत जास्त बोचरी कुठली. त्या गावातल्या पुलावर वसंता बर्फात घसरला होता ते आठवतं का. आठवतं. दरवर्षी आठवायचं.

लोकांच्या पैशाने ही तीन माणसं यंत्रं करायला शिकून आली होती. आणि दरवर्षी जमून एकमेकांच्या टॉन्सिलची चौकशी करत होती. बाबा, तू काय केलंस, असं एकाने दुसऱ्याला कधी विचारलं नाही. नियम होता ना. परदेशी शिकून आलेल्या मित्रांची अशी मंडळं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना तिथल्या पावाची चव आठवते, घरमालकिणीच्या मांजरीचं नाव आठवतं. कशासाठी गेलो होतो तेवढंच तोंडात येत नाही.

काका तिकडे कशासाठी गेले होते ते मला माहीत होतं, कारण ते मी शाईने गिरवत होतो.

तो एक लहान लेथ होता. लोखंडाचा तुकडा फिरता धरून कातायचं यंत्र. मोठ्या कारखान्यांसाठी नव्हे. तालुक्याच्या गावी पंप, गाडीचे आस, उसाचे चरक दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी. भाग कमी, आणि जो झिजेल तो त्याच गावात करता येईल असा. कित्येक वर्षं ते त्याच्यामागे होते. कारखान्याने दोन नमुने तयार केले. एक आमच्या मशीन-शॉपमध्ये राहिला, दुसरा त्यांनी देवनहळ्ळीला किल्ल्याजवळच्या एका लोहाराच्या दुकानात वापरायला दिला. रविवारी ते बसने तिकडे जायचे. एकदा मलाही नेलं.

त्यांनी लोहाराला पहिला प्रश्न केला, "काय मोडलं?"

तो जरा ओशाळला. पट्टा तुटला होता म्हणाला. बाजारातल्या चपला शिवणाऱ्याकडून कातड्याचा दुसरा करून घेतला. आता सरी आहे, म्हणजे ठीक.

काका इतके खूश झाले की त्यांनी लोहाराचा हातच धरला. परतीच्या बसमध्ये, शेंगांच्या आणि कोंबड्यांच्या टोपल्यांमध्ये अंग चोरून बसलेले असताना, ते मला म्हणाले, "यंत्र मोडणारच रे. कुणाचंही मोडतं. प्रश्न एवढाच की ते दुरुस्त कुठे होतं. चपलावाल्याने पट्टा शिवला. मला विचारायलासुद्धा आला नाही तो." आणि खिडकीबाहेरच्या द्राक्षांच्या मळ्यांकडे पाहत बराच वेळ हसत राहिले.

त्या लोहाराने त्या लेथवर काढलेली एक पोलादी पिन त्यांना दिली. बोटाएवढी, आरशासारखी गुळगुळीत. ती तेव्हापासून खिडकीच्या कट्ट्यावर असायची. बाकीच्या वस्तू यायच्या-जायच्या. पिन तिथेच.

मग दिल्लीहून मंत्रालयाच्या समितीचा निर्णय आला. लहान लेथ हवाच आहे, पण तो परदेशी कंपनीच्या परवान्यावर करायचा. चित्रं त्यांची, काही भागही त्यांचे, कातायला माणसं आमची. कंपनी इंग्लंडमधली. आमच्या इथल्या डिझाइनबद्दल एकच शेरा होता: अजून कच्चं आहे. समितीत वसंतराव होते. त्यांचं नाव सगळ्यात वर होतं, आणि ही गोष्ट कारखान्यात कॅन्टीनमध्ये इडली वाढणाऱ्यालाही ठाऊक होती.

मी गिरवलेली चित्रं गुंडाळून कपाटावर गेली. शॉपमधला नमुना भिंतीकडे तोंड करून ठेवला, वर ताडपत्री.

त्या संध्याकाळी ते घरी आले. बूट काढले, खिसे रिकामे केले, खडू, फूटपट्टी, चिंधी. "कारखाना दाराबाहेर." आवाजात काही फरक नव्हता. मला तो फरक हवा होता. मी ओसरीवर त्यांची वाटच पाहत होतो.

"काका, हे सहन करायचं? मी आजच मजकूर लिहितो. उद्या गेटवर वाटू. देशद्रोही, दलाल, गोऱ्या साहेबाचे—"

"पत्रकवाले," ते म्हणाले, "तुमच्या पत्रकांत विशेषणं फार असतात. लेथला विशेषण लागत नाही. तो कातत असतो किंवा कातत नसतो."

"मग तुम्ही गप्प बसणार?"

"चहा घेतो आधी."

जानेवारी आला. काकूंनी विचारलं, "अहो, यंदा त्यांना बोलवायचं?"

"दरवर्षी बोलावतो."

"बोलवा. पण मी श्रीखंड करणार नाही."

"मग काय करशील?"

"शिरा. आणि तोही बेताच्या तुपाचा."

एका पाहुण्याचा यापेक्षा कडक निषेध काकूंना ठाऊक नव्हता. मला मात्र तो फारच सौम्य वाटला. आदल्या रात्री मी वसंतरावांना तोंडावर सुनवायची वाक्यं घोकून ठेवली होती.

वसंतराव आले. करड्या रंगाचा सुंदर सूट, हातात काकूंसाठी दिल्लीची मिठाई. आल्या आल्या त्यांनी काकांना मिठीच मारली. "काय रे, वाळलास. काडी झालीय तुझी. वहिनी, याला काही घालता की नाही?" मिठी खोटी नव्हती. हेच मला आजही सहन होत नाही. खोटी असती तर गोष्ट सोपी होती.

पानं मांडली. बटाट्याचा लगदा फिरला, सगळ्यांनी "उत्तम" म्हटलं. कवळी निघाली, टॉन्सिलवाल्या मुलीचं लग्न ठरलं होतं ते निघालं, पुलावर बर्फात घसरणं निघालं. प्रभाकरपंत नेहमीपेक्षा मोठ्याने हसत होते. त्यांनाही सगळं माहीत होतं. वसंतराव मसालेभात दोनदा मागून जेवले. माझी वाक्यं घशापर्यंत यायची आणि मी काकांकडे बघायचो. ते वाढत होते, हसत होते. मला वाटलं, त्या नियमाची केवढी सोय आहे. या माणसाने मित्राच्या आयुष्याची मेहनत कपाटावर टाकली, आणि आता तो त्याच मित्राच्या घरी त्याच्याच नियमाच्या आड बसून शिरा खातोय.

जेवणं झाली तसे काका उठले. त्यांनी सगळ्यांची ताटं एकावर एक रचली, वाट्या गोळा केल्या, भाताचं मोठं पितळी पातेलंसुद्धा उचललं आणि मागच्या दगडावर जाऊन बसले.

"अरे, हे काय?" वसंतराव हसून म्हणाले. "आज दंड कुणाचाच नाही. कुणी बोललंच नाही काही."

मागून राखेची खरखर ऐकू येत होती. प्रभाकरपंतांनी हसायचा प्रयत्न केला. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. भांडी बरीच होती, आणि काकांनी एकही उरकून टाकलं नाही. पातेल्याला चिंच लावल्याचा वास घरात आला. मग पाणी ओतल्याचा आवाज थांबला.

ते आत आले. हात पुसलेले नव्हते. कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. ते सरळ ओसरीवर गेले, खिडकीच्या कट्ट्यावरची पिन उचलली आणि आत आणून वसंतरावांसमोर पाटावर ठेवली. त्या घरात कारखान्याची वस्तू उंबरठ्याच्या आत आलेली मी प्रथमच पाहिली.

"दंड भरलाय," ते म्हणाले. "आता बोलतो. वसंता, तू लेथ पाहिलास?"

वसंतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. "पाहिला ना. चित्रं पाहिली, अहवाल पाहिला."

"चालताना पाहिलास?"

"तू समजून घे. वेळ कुठे होता?"

"त्या कंपनीचा बघायला दोनदा गेलास. देवनहळ्ळी जवळ आहे."

"जाऊ द्या रे," प्रभाकरपंत म्हणाले. "वर्षातून एकदा भेटतो आपण."

"प्रभ्या, तू बोललास तर तुलाही आधी भांडी घासावी लागतील." काका हे हसत म्हणाले. प्रभाकरपंत गप्प झाले. त्यांना गप्प व्हायला निमित्तच हवं होतं, असं माझं तेव्हा मत झालं आणि अजून तेच आहे.

वसंतराव पाणी प्यायले. मग सरकारी आवाज बाजूला ठेवून, जुन्या आवाजात म्हणाले, "हे बघ, खरं सांगू? तुझं यंत्र चांगलं आहे. मला ठाऊक आहे ना तुझा हात. पण उद्या तुझं मोडलं तर सगळे मला विचारतील, कुणाच्या भरवशावर घेतलं? मित्राच्या? त्यांचं मोडलं तर मला कुणी काही विचारणार नाही. परदेशी आहे, मोडलं, दुसरा भाग मागवू. एवढंच. मी तिथे बसतो. तू बसत नाहीस."

"म्हणजे तुला भीती वाटली."

"भीती म्हण."

"मग तसं लिहायचं होतंस. 'यंत्र चांगलं आहे, पण मला भीती वाटते.' मी काही बोललो नसतो. भीती मलाही वाटते. तू कच्चं का लिहिलंस?"

वसंतरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"लेथ करू नका, हरकत नाही. पण तो शब्द काढ. इथून पुढे कुणी इथे बसून काही करायला घेतलं की तुमच्या फायलीतून तो शब्द बाहेर येईल. मागे एकदा केलं होतं, ते कच्चं निघालं. वसंता, ते कच्चं नव्हतं."

"मी म्हणालो ना आत्ता. चांगलं आहे."

"घरात म्हणालास. तिथे म्हण."

वसंतरावांनी त्या पिनेकडे पाहिलं. हात लावला नाही. हात लावला असता तर कळलं असतं. त्यांची बोटंही एके काळी त्याच कामात तयार झाली होती. मला वाटतं, त्यांनी म्हणूनच लावला नाही. थोड्या वेळाने ते उठले आणि म्हणाले, "बघतो काय करता येतं." तुम्ही कधी सरकारी कचेरीत गेला असाल तर या वाक्याचा अर्थ मी सांगायला नको.

गाडी गेल्यावर काका ओसरीवर आले आणि पिन पुन्हा कट्ट्यावर ठेवली. माझी घोकलेली वाक्यं तशीच राहिली होती. मी चिडून म्हटलं, "एवढंच बोललात तुम्ही? एवढ्यासाठी एवढी भांडी?"

"एवढंच होतं," ते म्हणाले.

तो शब्द निघाला नाही. परदेशी चित्रं आली, आणि त्यांतली इंचांची मापं मिलिमीटरमध्ये बदलायचं काम कुणाला दिलं असेल? बरोबर. मी पुन्हा पेटलो. मी म्हटलं, राजीनामा द्या, निदान काम संथ करा. त्यांनी ते इतकं चोख केलं की तिकडच्या कंपनीने आपल्या मूळ चित्रांतल्या काही चुका त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतल्या.

"यंत्राचा काय दोष?" ते म्हणायचे.

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. यंत्राचा दोष नसेल, पण ज्यांचा होता त्यांच्या पदरात त्या चोख कामाचं श्रेय पडलं. परवान्याचा लेथ वेळेवर बाजारात आला, भाषणं झाली, वसंतरावांना बढती मिळाली. देवनहळ्ळीच्या लोहाराकडे असला लेथ कधी गेला नाही. त्याला तो परवडणारच नव्हता. त्याच्याकडे जुनाच होता, चपलावाल्याच्या पट्ट्यावर चालणारा. काका रविवारी जात राहिले. "काय मोडलं?" विचारत राहिले. पुढच्या जानेवारीत वसंतरावांनी कळवलं की यंदा जमत नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, एका सकाळी, काका बसच्या थांब्यावर उभे असताना खाली बसले ते उठलेच नाहीत. शेजारच्यांनी उचलून घरी आणलं. ओसरीवर काकू पुढे झाल्या. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, स्वतः वाकून त्यांचे बूट काढले आणि मग त्यांच्या खिशातून एकेक वस्तू काढून कट्ट्यावर ओळीने मांडली. खडू, फूटपट्टी, एक नट, चिंधी. सगळं झाल्यावर क्षणभर थांबल्या. त्यांनी तोंड उघडलं, पण ते वाक्य त्यांच्याच्याने म्हणवलं नाही. "आत घ्या," एवढंच म्हणाल्या.

जानेवारीत दोघे मित्र काकूंना भेटायला आले. बटाट्याचा लगदा कुणी केला नव्हता. वसंतराव खूप बोलले. तिकडे त्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा काकांनी रात्ररात्र जागून त्यांना खिमट भरवलं होतं, हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. "असा माणूस होणार नाही," ते म्हणाले. "सोनं होतं. सोनं." ज्याचं काम फायलीत कच्चं ठरवलं त्याला ओसरीवर सोनं म्हणायला काही लागत नाही.

जेवणं झाल्यावर वसंतरावांनी कोट काढला. ताटं एकावर एक रचली आणि मागच्या दगडावर जाऊन बसले.

घरात कुणी हललं नाही. प्रभाकरपंतांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. त्या पदर घट्ट धरून, ताठ उभ्या होत्या. आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट सुचली होती. दंड भरून झाला की बोलायचं असतं. मला आठवतं, त्या वेळी मी, एवढा पत्रकवाला, मनातल्या मनात त्या माणसाला विनवत होतो. बोला. इथे नको, तिथे दिल्लीत बोला, पण तसं बोलेन एवढं इथे कबूल करा. एक शब्द.

वसंतराव आत आले. खिशातल्या रुमालाने एकेक बोट पुसलं. ओसरीवर गेले, कोट चढवला. खिडकीच्या कट्ट्याशी थांबले. त्यांनी पिन उचलली, अंगठ्याने फिरवून पाहिली, हळूच, जाणत्या हाताने. आता कळलंच असणार. मग ती होती तिथे ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "गाडी आलीय वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाक्का त्यांनी घासलेली ताटं उन्हात धरून बघत होती. "सगळं तसंच हाय की," ती म्हणाली. "नुसतं पाण्यातनं काढलंय." आणि पुन्हा घासायला बसली.

पुढे काकू भावाकडे सांगलीला गेल्या. जाताना कट्ट्यावरच्या वस्तू त्यांनी मला दिल्या. मी ट्रेसरची नोकरी सोडली आहे, आणि पत्रकांत विशेषणं घालणंही पुष्कळ कमी केलं आहे. आज हे लिहायला बसण्याआधी खोलीतली सगळी भांडी मी राखेने नीट घासली, दोनदा. हात अजून ओले आहेत, कागदावर डाग पडताहेत. पिन समोर आहे.

दंड भरलाय. तो लेथ कच्चा नव्हता.